कढीपत्त्याचं पाणी

एका जिल्हा परिषदेच्या शाळेला रॅम्प होता. तो मुलांसाठी बांधलेला नव्हता. शाळेत मतदान केंद्र असायचं, म्हातारेकोतारे मतदार आत यावेत म्हणून निवडणुकीच्या धामधुमीत तो घाईघाईनं उभा राहिला. चौथरा अडीच फूट उंच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा नियम, म्हणजे तीस फुटांचा उतार हवा होता. ठेकेदारानं दहा फुटांत आटोपलं. पोरांना घसरगुंडी मिळाली आणि अहवालात ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद झाली.

सहावीतली मुक्ता याच रॅम्पवरून वर्गात यायची. मागून दोघींनी जोर लावला तरच. तिला सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, हात मात्र चालायचे. व्हीलचेअर तालुक्याच्या शिबिरात मिळालेली. हेडमास्तरांचा तिच्यावर फार जीव. पाहुणे आले की ते तिला पुढे करून सांगायचे, “ही आमची मुक्ता. दिवसभर जागची हलत नाही. बाहेर जाऊ का म्हणून कधी विचारत नाही. शहाणी पोर!” तसाच दुसरा शहाणा सुभान. कानाला श्रवणयंत्र, शेवटचा बाक, तोंडातून शब्द नाही. चाळीस पोरांच्या गलक्यात अशा दोन मुलांचं कौतुक कुणालाही वाटेल.

माघात मुक्ता तापानं पडली. आरोग्य केंद्रात लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला, आणि ही वर्षातली दुसरी खेप. “पाणी पीत नाही का ही?” डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी ते मनावर घेतलं. केरळच्या शाळांनी 2019 मध्ये पाण्याची घंटा सुरू केल्याचं त्यांनी वाचलं होतं. तशी घंटा इथेही वाजू लागली; वाजली की सगळ्यांनी बाटली तोंडाला लावायची. मुक्तासाठी तर त्यांनी पदरमोड करून तांब्याची बाटली आणली. संध्याकाळी ती रिकामी दिसायची. सर खूश. महिना उलटला नाही तोच पोरगी पुन्हा तापली.

उलगडा झाला तो पोषण आहार शिजवणाऱ्या पारूमावशींना. उन्हानं परसबागेतली वांगी, मिरच्या माना टाकत होत्या. सहावीच्या खिडकीखालचा कढीपत्ता तेवढा तरारलेला, बुडाशी माती ओली.

“मुक्ते, ह्याला पाणी तू घालतीस व्हय?”

मुक्ता गप्प.

“आन् तू कवा पितीस?”

“घरी गेल्यावर.”

कारण विचारलं तेव्हा तिनं मैदानापलीकडे बोट दाखवलं. तिकडे मुलींचं स्वच्छतागृह होतं. तीन पायऱ्या, जेमतेम दोन फुटी दार, तेही आत उघडणारं. धरायला काही नाही. चौथीत असताना मैत्रिणींनी एकदा तिला उचलून नेलं होतं. पाय घसरून तिघी पडल्या आणि दाराशी जमलेली पोरं हसली. तेव्हापासून ती सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायची, मग पाच वाजेपर्यंत ओठ ओले करण्यापुरतंच पाणी. खिचडीसुद्धा अर्धी टाकायची. तिखट लागली की तहान लागते ना.

मावशींकडून हे कळल्यावर सर वर्गात आले. “अगं, मला सांगायचं नाही का?”

“सर, तुम्ही पाहुण्यांना तेच तर कौतुकानं सांगायचात.”

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. एका पोरीसाठी एवढा खर्च? दीड वर्षात ती हायस्कूलला जाणार, मग काय? सरांनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचून दाखवला. नुसती इमारत नव्हे, शाळेचं आवार आणि तिथल्या सोयीही अशा मुलांना वापरता आल्या पाहिजेत, असं त्यात आहे. सदस्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलायला निघाले. चहा घेऊन आलेल्या पारूमावशी दारातच थांबल्या. “उद्या सकाळधरनं पाच वाजंस्तवर न जाता ऱ्हावा सगळी. मग ठरवा.” ठराव तिथंच लिहिला गेला.

गवंडी आला, खडूनं आखणी करू लागला. सर म्हणाले, “थांब, आधी तिला विचार.” माझ्या मते या गोष्टीत सरांच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम हेच, बाटली आणि घंटा त्यापुढे काहीच नाही. मुक्तानं सगळं मनात बांधूनच ठेवलेलं होतं. दार तीन फूट हवं आणि बाहेर उघडायला हवं. आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते लागणारच नाही. भांडं कमोडचं. दांडी उजव्या भिंतीला, कारण तिच्या उजव्या हातात जोर जास्त. कडी बसून हात पोचेल इतकी खाली आणि आतून लागणारी. आतून लागणारी हे तिनं दोनदा सांगितलं. दीड फूट उंचीला अठरा फूट उतार येत होता. बारात बसवतो, म्हणाला गवंडी.

“मग ती दुसरी घसरगुंडी होईल, काका.”

जूनमध्ये शाळा उघडली. पाय प्लास्टरमध्ये घातलेली पाचवीतली एक पोरगी आणि दिवस गेलेल्या एक बाई त्या उतारावरून जाऊ-येऊ लागल्या. मुक्ता आता पाणी पिते, पोटभर जेवते, तासाच्या मध्येच हात वर करते, बाहेर जाते, येऊन वाद घालते. शहाणी पोर बिघडली, असं एक-दोन शिक्षकांनी बोलूनही दाखवलं.

एकदा गणिताच्या तासाला तिनं पुन्हा हात वर केला.

“जा,” सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

“जायचं नाहीये सर. तुम्ही तिकडे तोंड करून बोलता ना, सुभानला काहीच कळत नाही. तो ओठ बघून समजून घेतो.”

सर वळले. खडू खाली ठेवला, सुभानला पुढच्या बाकावर बोलावलं आणि अपूर्णांकांची बेरीज पहिल्यापासून सांगू लागले. तिसऱ्याच ओळीला सुभाननं हात वर केला. छेद समान का करायचे हे त्याला विचारायचं होतं, आणि ते त्याला पाचवीपासून विचारायचं होतं.