बॅटरी उतरवली कुणी?

मराठीत बऱ्याच गोष्टी उतरतात. ताप उतरतो, नशा उतरते, परीक्षेचा निकाल लागला की चिरंजीवांचं तोंड उतरतं. पंचगंगेचा पूर उतरतो. २०१९ साली त्यानं उतरायला जो वेळ घेतला तो कोल्हापूरकर अजून विसरलेले नाहीत. या सगळ्यांत मोटारीची बॅटरी उतरणं हा प्रकार जरा निराळा. ताप कुणी उतरवला असं कुणी विचारत नाही. डॉक्टर बिल पाठवतो, म्हणजे त्यानंच उतरवला. बॅटरी उतरली की मात्र पहिला प्रश्न, "कुणी उतरवली?" आणि एकदा वाक्यात 'कुणी' आला, की प्रश्न विजेचा राहत नाही, नीतीचा होतो.

मी म्हणतो ती बॅटरी आमच्या मंगळवार पेठेतल्या नानांच्या गाडीची. गाडीचं नाव सांगत नाही, उगाच त्या बिचारीची बदनामी नको. एम.एच. ०९ ची, कार्ब्युरेटरवाली, पंधरा वर्षं भरल्यावर आर.टी.ओ.त जाऊन पुन्हा पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घेत आलेली. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, त्यातलाच प्रकार. गाडी चालते उत्तम. फक्त आठ-पंधरा दिवसांतून एखाद्या सकाळी किल्ली फिरवली की 'कट्' एवढंच म्हणते. मग तालमीतली चार पोरं बोलवायची आणि मिरजकर तिकटीच्या दिशेनं धक्का मारायचा. रोज असं झालं असतं तर बरं. रोजचं दुखणं डॉक्टरला दाखवता येतं. हे अधूनमधून.

नानांनी उद्यमनगरातला मिस्त्री आणला. कोल्हापूरच्या मिस्त्रीबद्दल बाहेरगावच्या माणसाला थोडं सांगायला हवं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावचा मिस्त्री कुठलीही वस्तू उघडायला भीत नाही. मिटवताना कधीकधी भितो. आमच्या मिस्त्रीनं आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातली कागदपत्रं, फडकी, जुनी बिलं सगळी काढून नानांच्या हातात दिली, कारण फ्यूजचा डबा नेमका त्या कप्प्याखाली. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर अन् बॅटरी यांच्या मध्ये मीटर लावला. गाडी बंद असताना या मीटरचा काटा हलला, तर समजायचं की कुणीतरी गुपचूप वीज पितंय. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला काटा पडेल, चोर त्या गल्लीत.

काटा हललाच नाही. मिस्त्री तीनदा आला, तिन्ही वेळा तेच. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, तसं. दुसरा कुणी असता तर नवी बॅटरी गळ्यात मारून मोकळा झाला असता. हा नेकीचा माणूस. हात पुसत म्हणाला, "नाना, बॅटरी मरत न्हाई, तिला कोणतरी मारतंय."

त्या वाक्यानं घात केला. मिस्त्रीच्या भाषेत 'कोणतरी' म्हणजे एखादी वायर, एखादा रिले, एखादा स्विच. या लोकांच्या बोलण्यात नटबोल्टसुद्धा 'रुसतो' आणि कार्ब्युरेटर 'ऐकत नाही'. नानांनी मात्र 'कोणतरी' ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला. बुधवारी आणि शनिवारी गाडी धुवायला येणाऱ्या पोराचा.

पुढचं काम कट्ट्यानं केलं. पोराकडं किल्ली असते. गाडीत टेप आहे. पोराला गाण्यांचा नाद आहे. आणि खरोखर, नानांनी कॅलेंडरवर खुणा करून दाखवल्या, बॅटरी उतरते ती गुरुवारी किंवा रविवारी. झालं! गाडीत बसून गाणी ऐकतंय पोरगं.

आता इथं थांबून विचार करण्यासारखं आहे. मी कॅशवर बसणारा माणूस. संगणक आले तरी रोखीत फरक यायचा तो येतोच, आणि फरक आला की पहिली नजर जाते शिपायाकडं. वास्तविक नोटांच्या सगळ्यांत लांब तोच असतो. पण संशयाला चढ चढवत नाही, तो उताराकडं धावतो. नानांचे जावई दर पंधरा दिवसांनी ती गाडी न्यायचे, त्यांचं नाव कट्ट्यावर निघालं नाही. कॅलेंडरवर त्यांच्या खुणा कुणी केल्याच नव्हत्या.

कॅलेंडरचा पुरावा खोटा होता असं मात्र नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं म्हणून तो उडवून लावता येत नव्हता. कावळा दर वेळी बसत होता आणि फांदी बऱ्याचदा मोडत होती.

नानांनी पोराला तोंडानं काही विचारलं नाही. सज्जन माणसं विचारत नाहीत, फक्त खुर्ची टाकून समोर बसतात. पोरगं गाडी पुसतंय आणि नाना पेपरच्या वरून बघताहेत. मंगळवार पेठेत कुणाच्या मनात काय आहे हे त्याच्या आधी गल्लीला कळतं, तेव्हा पोरालाही कळलं असणारच. ते गाडीची चारी दारं सताड उघडी ठेवून पुसायला लागलं. आतल्या कशाला हात लावेना. काम झालं की फडकं बॉनेटवर, सगळ्यांना दिसेल असं, आणि किल्ली नानांच्या हातात.

आणि बॅटरी उतरायची थांबली!

एक आठवडा, दोन आठवडे, तीन. नाना विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा. लक्ष ठेवल्याबरोबर बंद झालं." कट्ट्यानं मान डोलावली. याहून भक्कम पुरावा कुठलं कोर्ट मागणार?

मला तेव्हा बेडूक आठवला. बॅटरीचा जन्मच मुळी एका संशयातून झालाय. इटलीतल्या गॅल्वानीनं मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन धातू लावले आणि तंगडी उडाली. त्यानं १७९१ साली जाहीर केलं की वीज बेडकात आहे. व्होल्टा म्हणाला, बेडकाला सोडा, वीज त्या दोन धातूंमुळं येतेय. आणि १८०० साली त्यानं बेडूक वगळून, जस्त, तांबं आणि खारवलेलं फडकं यांची चळत रचून पहिली बॅटरी केली. बेडूक निर्दोष सुटला. गंमत म्हणजे पूर्ण सुटला नाही. मज्जातंतूंतून वीज वाहते हे पुढं सिद्ध झालंच. म्हणजे बेडकाचा काही संबंध नव्हता असं म्हणता येत नाही, आणि बेडकाचं काम असंही म्हणता येत नाही.

चैत्री पौर्णिमेला पोरगं यात्रेसाठी जोतिबाच्या डोंगरावर गेलं, चार दिवस. नाना आणि काकू त्याच दिवशी वाडीला दत्तदर्शनाला. येताना काकूंनी विहीणबाईंसाठी कवठाच्या बर्फीचा पुडा घेतला, डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबला आणि विसरल्या. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी किल्ली फिरवली. 'कट्.'

पोरगं डोंगरावर. नाना सुन्न. काकूंना तेवढ्यात बर्फी आठवली, त्यांनी पुडा काढला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा गरम कसा?"

मिस्त्री बोलवायची गरजच राहिली नाही, तरी तो आला. कप्प्यात एक पाच वॅटचा दिवा. झाकण मिटलं की एक बारीक खुंटी दाबली जाते आणि दिवा विझतो. झाकणाची कडी झिजलेली, आत काही जाडजूड असलं की झाकण मिटतं पण दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतं आणि खुंटी दबत नाही. आत उजेड, बाहेर अंधार. उघडून बघावं तर दिवा लागलेलाच दिसणार, कारण उघडल्यावर त्यानं लागायचंच असतं! पाच वॅट भागिले बारा व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ०.४ अँपिअर. दिवसाला दहा अँपिअर-तास. बॅटरी पस्तीसची, पण चार वर्षांची म्हातारी. ती एका दिवसात कुरकुरते आणि दोन रात्रींत मान टाकते. बुधवारी-शनिवारी पोरगं फडक्याची घडी करून त्याच कप्प्यात ठेवायचं. घडी जाड पडली की दिवा चालू, पातळ पडली की बंद. सकाळी काच पुसायला नाना फडकं काढायचे आणि मिस्त्री कप्पा रिकामा करूनच मीटर लावायचा. मग काटा हलणार कसा?

कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, "म्हणजे शेवटी पोराचाच हात होता की!" फडकं त्यानंच ठेवलं, हे खरंच. कारण तो होता. पण कारण असणं आणि दोष असणं यांत केवढं अंतर! पुडा ठेवणाऱ्या काकूही कारण होत्या. त्यांच्यासमोर कुणी खुर्ची टाकून बसलं नाही. झिजलेली कडी कारण होती, ज्यानं फडकं नीट घडी घालून जागच्या जागी ठेवायला पोराला शिकवलं तोही कारण होता, आणि ते शिकवलं होतं नानांनी. व्यवस्थितपणामुळं त्या पोरावर ही पाळी आली. फडकं सीटवर भिरकावून देणारं ऐदी पोरगं असतं तर त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं.

नाना मनानं चांगले. पुढच्या महिन्यात त्यांनी पोराचे पन्नास रुपये वाढवले. "कशाबद्दल?" असं त्यानं विचारलं तर म्हणाले, "महागाई."

मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललो. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्याला टाकतात. तिथनं ती कधीतरी काढावी लागते, पण योग्य खात्यावर. संशयाचे पैसे महागाईच्या खात्याला टाकले तर बेरीज जुळेल, हिशेब जुळणार नाही.

"अहो, पण खरं सांगितलं तर आपण संशय घेतला हे त्याला कळेल की," नाना म्हणाले. "उगाच पोराच्या मनाला लागायचं."

"त्याला माहीत आहे, नाना."

"कशावरनं?"

"अजून तो फडकं बॉनेटवरच ठेवतो."

नानांनी बॉनेटकडं पाहिलं. मग बराच वेळानं त्यांनी मिस्त्रीला विचारलं, की तो कप्प्यातला दिवा काढून टाकता येतो का. मिस्त्री म्हणाला, "दिवा कशाला काढता? पाच मिनिटांत कडी बदलून देतो. त्या पोराला सांगा, फडकं आत ठेव म्हणावं."