उपकरण आणि उपाधी

वेदान्तात ‘उपाधी’ हा शब्द एका नेमक्या अर्थाने येतो. केवळ जवळ असल्यामुळे जी वस्तू आपला गुण दुसऱ्या वस्तूवर भासवते, ती उपाधी. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. स्फटिक जसाच्या तसा असतो. लाली फुलाची असते. बोलीत मात्र हाच शब्द कटकट, लचांड या अर्थाने रुळला आहे. ‘नसती उपाधी मागे लावून घेतली’ असे म्हणणाऱ्याला स्फटिकाचा दृष्टान्त ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी दोन्ही अर्थांचे मूळ एकाच अनुभवात आहे. माणूस वस्तू जवळ करतो ती हाताला मदत व्हावी म्हणून. पुढे ती वस्तू जपणे, दुरुस्त करणे, तिच्यासाठी पैसा उभा करणे आणि ती नसली की अडून बसणे, यांचाच रंग त्याच्या दिवसावर चढतो. उपकरण उपाधी केव्हा होते, आणि ते तसे होऊ नये म्हणून घडवणाऱ्याने काय पाहावे, हा प्रश्न कारागिरीचा आहे तितकाच धर्मविचाराचा आहे.

संन्यासमार्गाने याचे उत्तर त्यागात शोधले. पण तिथेही वस्तू पुरती सुटत नाही. वस्त्राचाही त्याग करणारे दिगंबर जैन मुनी पिच्छी आणि कमंडलू जवळ ठेवतात. पिच्छी मोराच्या गळून पडलेल्या पिसांची असते आणि बसण्याच्या जागेवरचे बारीक जीव न दुखावता बाजूला करण्यासाठी ती लागते. म्हणजे अपरिग्रहाच्या टोकालाही वस्तू आहेच, फक्त ती का हवी आणि कशाची हवी याचा विचार पक्का झालेला आहे. प्रपंची माणसाकडे दोन वस्तू नसतात, दोनशे असतात. त्याच्यासाठी हा विचार इतक्या बारकाईने क्वचितच झाला. अशा विचाराचे सर्वांत तपशीलवार उदाहरण गांधींच्या चरख्याचे आहे. त्याकडे राजकीय चिन्ह म्हणून इतके पाहिले गेले की ते एक घडवलेले, सुधारलेले, पुन्हा पुन्हा तपासलेले उपकरण आहे हे मागे पडले.

‘हिंद स्वराज’ 1909 साली लिहिले गेले तेव्हा गांधींनी चरखा पाहिलेलाही नव्हता, हे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी माळ्यांवर पडून असलेले चरखे शोधून काढले. सापडलेली वस्तू जुनी होती, जड होती आणि सूत थोडे देत होती. ती जशी आहे तशीच पूज्य मानावी असा आग्रह गांधींच्या आश्रमात कोणी धरला नाही. पहिल्यापासून तिच्यात फेरफार सुरू झाले. परंपरेचा अभिमान आणि सुधारणेची ओढ एकाच वस्तूपाशी इतक्या सहज नांदल्याची उदाहरणे थोडी आहेत.

1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती, पण खरा ऐवज बक्षिसाच्या अटींत आहे. यंत्र हलके आणि उचलून नेता येईल असे हवे. खेड्यातल्या झोपडीत ते हाताने किंवा पायाने, शरीराला सहज पडेल अशा रीतीने चालले पाहिजे. एका स्त्रीला फारसे न थकता सलग 8 तास त्यावर काम करता आले पाहिजे. ते हिंदुस्थानात तयार करण्याचा खर्च 150 रुपयांवर जाता कामा नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान 20 वर्षे टिकले पाहिजे, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या 5 टक्क्यांत बसली पाहिजे. किती सूत निघावे हेही ठरवून दिले होते. पण अटींच्या यादीत उत्पादन ही अनेकांपैकी एक अट आहे, सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली नाही.

या अटी धर्मग्रंथ वाचावा तशा सावकाश वाचण्याजोग्या आहेत. यंत्राचे माप स्त्रीच्या शरीरावरून घेतले आहे. यंत्राने किती श्रम सोसावेत याऐवजी यंत्रापायी बाईला किती श्रम पडतील हे विचारले आहे. दुरुस्तीचा खर्च आधीच बांधून टाकला आहे, कारण गरीब घराला वस्तूची किंमत एकदाच बोचते आणि दुरुस्ती दरवर्षी. वीस वर्षे म्हणजे सासरी आलेल्या मुलीची सून येईपर्यंतचा काळ. अस्तेय आणि अपरिग्रह ही व्रते उपदेशात सांगणे सोपे आहे. ती तास, रुपये आणि वर्षे यांत बसवणे फार अवघड. या स्पर्धेत ते काम झाले, आणि म्हणून एखाद्या भाष्यग्रंथाइतकेच तिच्या अटींना मोल द्यायला हवे.

पुढच्याच वर्षी हा विचार एका तुरुंगात आणखी आवळला गेला. मे 1930 मध्ये गांधींना अटक होऊन पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. जुलैपासून ते दर मंगळवारी सकाळी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत; हीच पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूप झाली. अस्तेयावरच्या पत्रात त्यांनी चोरीची व्याख्या रुंदावली. ज्या वस्तूची खरी गरज नाही ती घेणे, मग ती कोणाच्या परवानगीने का असेना, चोरीच आहे असा त्याचा आशय. याच येरवड्यात पेटीत मावणाऱ्या चरख्याचे रूप पक्के होत गेले आणि त्याला ‘येरवडा चक्र’ हे नावही तिथूनच मिळाले. व्रतांवरची पत्रे आणि पेटीचरखा एकाच ठिकाणी घडावेत हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: याहून कमी कशात भागेल?

पेटीचरख्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या चरख्याचे मोठे चाक उभे असते, म्हणून त्याला जागा लागते आणि तो एका ठिकाणी रोवून बसतो. पेटीत दोन चाके आडवी, एकाशेजारी एक बसवली आहेत. मोठे चाक मुठीने फिरते, माळ त्याची गती लहान चाकाकडे नेते, आणि लहान चाकावरून दुसरी माळ चातीकडे जाते. गती दोन टप्प्यांत वाढत असल्यामुळे चाक लहान असूनही चाती भरपूर वेगाने फिरते. काम आटोपले की चाती काढून तिच्या जागी ठेवायची, झाकण लावायचे आणि पेटी काखेत मारून चालू लागायचे. कातणाऱ्याचा उजवा हात मुठीवर, डाव्या हातात पेळू. डावा हात चातीच्या टोकापासून मागे सरकत जातो, तसतसा कापसातून धागा निघत येतो; हात पुरता ताणला की चाकाला थोडा जास्तीचा पीळ द्यायचा, मग चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि सूत चातीवर गुंडाळून घ्यायचे. जोर जास्त झाला तर धागा तुटतो, पीळ कमी पडला तर सुटतो. हे सगळे हाताला कळते, आणि हाताला कळेपर्यंत यंत्र गप्प बसत नाही. चांगल्या उपकरणाची ही एक खूण मानायला हवी. ते माणसाचे काम हलके करते, पण त्याचे कसब स्वतःकडे काढून घेत नाही.

पेटीलाही एक उणीव होती. ती चांगल्या सुताराशिवाय बनत नाही. याच्या पुढे जाण्याचा मान धनुष्य तकलीला आहे. तिची कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. वॉर्सामध्ये जन्मलेला हा माणूस 1930 नंतरच्या काळात भारतात आला, भारतानंद हे नाव घेऊन गांधींच्या वर्तुळात वावरला आणि औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगातही त्याचा मोठा वाटा होता. चाती फिरवायला चाकच कशाला हवे, इथून त्याने सुरुवात केली. धनुष्यासारख्या कांबीने तकलीला गती देता येते. चाक गेले, त्याबरोबर चाकाचा आस, त्याचे वंगण आणि त्याची डागडुजीही गेली. जे लागते ते गावच्या बांबूत आणि लाकडात मिळते. पुढे याच फ्रीडमन यांनी मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली, आणि 1973 साली निघालेल्या त्या ग्रंथामुळे महाराजांचे नाव जगभर गेले. ‘हे नव्हे, हे नव्हे’ म्हणत उपाधी गळून पडू देण्याची अद्वैताची रीत आणि चरख्यातून चाक काढून टाकणारी बुद्धी एकाच माणसात असावी, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. हाताच्या सुखाच्या दृष्टीने पेटीचरखा सरस आहे. पण उपाधी किती कमी, या एकाच कसोटीवर धनुष्य तकली त्याच्या पुढे जाते.

या सगळ्या विचाराला दोन मोठे आक्षेप घेतले गेले आणि ते बाजूला सारता येत नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1925 साली लिहिले की एकच हालचाल सगळ्यांनी करत राहणे हा मनाला जड करण्याचा मार्ग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून खोल आहे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या 1945 च्या ग्रंथात त्यांनी म्हटले की मनुष्यत्वाला फुरसत लागते, फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही, आणि यंत्रयुगातल्या दुःखाचा दोष यंत्राचा नसून यंत्राभोवतीच्या समाजरचनेचा आहे. ज्या समाजाच्या माथी पिढ्यान् पिढ्या शरीरश्रमच मारले गेले, त्याच्या बाजूने उठलेला हा आवाज आहे. श्रमाला व्रत म्हणणे ज्याला ते टाळता येतात त्याला शोभते. ज्याला टाळता येत नाहीत त्याच्यासाठी श्रम हीच उपाधी असते.

जात्याकडे पाहिले की हे लख्ख दिसते. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या बाईने ओव्या रचल्या, हे मराठी भाषेचे मोठे धन आहे. पण पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पहिला डबा घेऊन जाणाऱ्यांत तीच बाई होती, आणि तिचे बरोबर होते. जाते टिकाऊ, स्वस्त, घरच्या घरी टाकी लावून घेता येणारे होते. तरीही ते तिचा खांदा आणि तिची झोप खात होते. म्हणून वस्तू साधी आहे, जुनी आहे, गावची आहे एवढ्याने ती उपाधी नसल्याचे ठरत नाही. फुरसतीच्या मुद्द्यावर आंबेडकरांचे म्हणणे मान्य करावेच लागते. आणि 1929 च्या अटींत ‘फारसे न थकता’ ही जी अट घातली होती, तिच्यात गांधींच्या बाजूनेही ते अर्धे मान्य झालेले होते. गांधींनी 1924 साली शिवणयंत्राला यंत्रविरोधातून वगळले तेही याच कारणाने: घरातल्या स्त्रीचे कष्ट वाचावेत या मायेपोटी ते जन्मले, अशी त्यांची समजूत होती.

उपकरण सक्तीचे झाले की काय होते हेही चरख्यानेच दाखवले. डिसेंबर 1924 च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा 2,000 वार सूत देण्याची अट स्वीकारली गेली. ज्यांना स्वतः कातायचे नव्हते त्यांना दुसऱ्याचे सूत आणून देण्याची मुभा होती. वर्षही पुरे झाले नाही तोच ही अट सैल करून पैशाच्या वर्गणीचा पर्याय द्यावा लागला. चरखा तोच, सूत तेच. मन जोडलेले नव्हते तिथे ते ओझे झाले. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली ‘गीता-प्रवचने’ या गाठीची उकल करतात. त्यांच्या मांडणीत बाहेरचे कर्म आणि त्याच्या जोडीला मनाने करायचे विकर्म अशी दोन अंगे आहेत. मन ओतले की कर्माचे ओझे वाटेनासे होते, त्याचे अकर्म होते. वस्तूलाही हे लागू पडते. घडवणाऱ्याने कितीही विचार केला तरी उपकरणाचा अर्धा भाग वापरणाऱ्याने पुरा करायचा असतो, आणि तो अर्धा भाग हुकमाने पुरा होत नाही.

1950 च्या दशकात तामिळनाडूच्या एकांबरनाथ यांचा अंबर चरखा देशभर पसरला. त्यावर एकाच वेळी अनेक चात्या फिरत, सूत कितीतरी जास्त निघे, आणि कातणाऱ्याच्या हातात चार पैसे अधिक पडत. त्याचे सुटे भाग मात्र कारखान्यातून आणावे लागत. एक उपाधी कमी झाली, दुसरी आली. पेटीचरखा आजही विकत मिळतो आणि त्याची रचना ओळखू येईल इतकी येरवड्यातलीच आहे. 1929 च्या सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र परीक्षकांपुढे आलेच नाही, आणि ते 1 लाख रुपये कोणालाही दिले गेले नाहीत.