एका बाकावर

आपल्या मुलाने कुणाला कमी लेखू नये, असे बहुतेक आईबापांना मनापासून वाटते. त्यासाठी घरात थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, शाळेत फळ्यावर सुविचार लिहिले जातात. उपदेशाने मन फार थोडे बदलते. सहवासाने बदलते, पण तो सहवास बरोबरीचा हवा. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मुलगा रोज दारात उभा दिसला, तर उच्चनीच उलट पक्के होते.

दिल्लीत 2007 साली अनेक खासगी शाळांना गरीब घरांतली मुले घेणे भाग पडले. त्याचा परिणाम अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तपासला. नुसती मते विचारून ते थांबले नाहीत. त्यांनी रिले शर्यत ठेवली. आधी सगळ्यांचे पळणे पाहायचे, मग जोडीदार निवडायचा आणि त्याच्यासोबत काही वेळ घालवायचा. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, ती श्रीमंताघरची मुले चपळ गरीब मुलाला इतरांपेक्षा बरीच कमी डावलत होती. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पडत. बराचसा बदल या गटांतल्या सोबतीतून आला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. श्रीमंत मुलांच्या इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली. हिंदी आणि गणितात फरक पडला नाही. एवढी किंमत कुठल्याही पालकाने आनंदाने द्यावी.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत 25 टक्के जागा अशा मुलांसाठी राखल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या वादात गरीब मुलांचे नुकसान सर्वांना दिसले. उरलेल्या 75 टक्क्यांचे काय हरवले असते, याचाही विचार व्हायला हवा होता.

प्रवेश कायद्याने मिळतो. पण 'आरटीईची मुले' म्हणून ती वेगळ्या तुकडीत बसवली, तर त्या प्रवेशातून मैत्री कशी व्हावी? पुढच्या पालकसभेत एवढे विचारा : ही मुले सगळ्या तुकड्यांत विखुरलेली आहेत का? प्रकल्पाचे गट कोण पाडते? सहलीला पैशांअभावी कुणी मागे राहते का? राहत असेल, तर तो खर्च सगळ्या पालकांनी मिळून, कुणाचेही नाव न विचारता उचलावा.