डावे-उजवे आणि सोने

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात चढत नाही. बोटे तितकीच, लांबी तीच, तरीही चढत नाही. कांटने १७६८ साली ह्यावरूनच विचारले होते की, सृष्टीत प्रथम निर्माण झालेली वस्तू एकटा मानवी हात असता, तर तो डावा की उजवा? आज सोन्याचे अतिसूक्ष्म कण तोच प्रश्न निराळ्या रीतीने विचारीत आहेत.

सोन्याचा स्फटिक आरशातील आपल्या प्रतिबिंबाशी तंतोतंत जुळतो. त्या धातूला डावे-उजवे ठाऊक नाही. तथापि गंधकयुक्त रेणूंनी वेढलेल्या त्याच्या नॅनोकणांत हे डावे-उजवेपण प्रकट होते. ते आले कोठून? आम्हा वकिलांना दोनच आरोपी सुचतात: उपजत स्वभाव किंवा संगत. २००७ साली रॉजर कॉर्नबर्ग ह्यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत १०२ अणूंच्या सुवर्णकणाची रचना उलगडली, तेव्हा दोघेही सुटले. आतला गाभा सममित होता आणि भोवतीच्या ४४ रेणूंनाही स्वतःचे डावे-उजवेपण नव्हते. दोष म्हणा, गुण म्हणा, तो पृष्ठभागावरील मांडणीत होता.

परंतु त्याच स्फटिकात डावे व उजवे कण समसमान होते. मांडणीने वळण दिले. कोणते, हे ठरविले नाही. २०१८ साली सोल येथील संशोधकांनी सिस्टीन ह्या अमिनो आम्लाच्या सान्निध्यात सोन्याचे कण वाढविले. सिस्टीनचे प्रतिबिंबरूप वापरताच कणांवरील पीळ उलटा झाला. येथे संगतीवरील आरोप सिद्ध झाला, पण मर्यादित.

वळण शक्य कशाने झाले हा एक प्रश्न. हेच वळण का, हा दुसरा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दोहोंना जन्म हे एकच उत्तर दिले. अख्ख्या जमाती नोंदवहीत घातल्या गेल्या. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. मनुष्य म्हणजे धातूचा कण नव्हे, हे मान्य; कणाला पश्चात्ताप होत नाही. पण कणाविषयी आपण जितकी उलटतपासणी केली, तितकीही त्या माणसांविषयी केली नव्हती.

आणि सिस्टीनला तरी वळण कोणी दिले? सजीवांच्या प्रथिनांतील अमिनो आम्ले जवळजवळ सर्वच डाव्या घडणीची. ती पहिली निवड कशाने झाली, ह्यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.