जायबंदी खेळाडूस ठेवावें कीं सोडावें?

खेळाच्या गोष्टीस या पत्रांत जागा कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या प्रश्नाविषयीं आज लिहावयाचें आहे तो नुसता खेळाचा नाहीं. एक तरुण आहे. त्याच्यावर पुष्कळ पैसा खर्च झाला आहे. तो वारंवार दुखणाईत पडतो. आणि बरा असतो तेव्हांही त्याच्या हातून (येथें पायांतून म्हणावें) अपेक्षेप्रमाणें काम होत नाहीं. त्यास ठेवावें, कीं निरोप द्यावा? हा प्रश्न मंडळीच्या पंचांपुढें येतो, शाळेच्या चालकांपुढें येतो, आणि शेतकऱ्यापुढें तर बहुतेक दर वर्षीं येतो. फुटबॉलच्या क्लबांत तो उघड्यावर येतो, इतकाच भेद; कारण तेथील किंमती, दुखणीं व पराभव हीं सर्व जगास ठाऊक असतात, आणि घरांत जें आपण हळू आवाजानें बोलतों तें तेथें चव्हाट्यावर बोललें जातें.

स्पेन देशांतील बार्सेलोना शहराचा फुटबॉल क्लब कोणा एका धनिकाच्या मालकीचा नाहीं. लाखाहून अधिक सभासद वर्षाची वर्गणी भरितात व तेच आपला अध्यक्ष निवडितात. सन 2017 च्या ऑगस्ट महिन्यांत या क्लबानें उस्मान डेंबेले नांवाचा 20 वर्षांचा फ्रेंच तरुण जर्मनींतील डॉर्टमुंडच्या क्लबाकडून 10 कोटी 50 लक्ष युरो देऊन घेतला. शिवाय कांहीं अटी पुऱ्या झाल्यास पुढें आणखी रक्कम द्यावयाची होतीच. त्याच महिन्यांत नेमार हा नामांकित खेळाडू 22 कोटी 20 लक्ष युरोंस पॅरिसच्या क्लबाकडे गेला होता, आणि त्याची रिकामी जागा या पोरानें भरून काढावी अशी सर्वांची अपेक्षा होती.

पुरता महिना लोटला नाहीं तोंच, 16 सप्टेंबर रोजीं, भर सामन्यांत त्याच्या डाव्या मांडीच्या मागील स्नायूची कंडरा तुटली. शस्त्रक्रियेसाठीं त्यास दूर फिनलंड देशांत न्यावें लागलें. जानेवारींत तो परतला, आणि त्याच महिन्यांत मांडी पुन्हां दुखावली. सन 2020 च्या फेब्रुवारींत उजव्या मांडीची कंडरा तुटली. पुन्हां फिनलंड, पुन्हां शस्त्रक्रिया, पुन्हां महिनेच्या महिने विश्रांति. सन 2021 च्या जूनमध्यें आपल्या देशाकडून खेळतांना त्याचा गुडघा दुखावला व आणखी कित्येक महिने गेले. मधल्या काळांत हा सरावास उशीरा येतो, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत येत होत्या. त्या क्लबांत तो सहा वर्षें राहिला. तेवढ्या काळांत त्याच्या नांवावर 185 सामने व 40 गोल आहेत. ज्यासाठीं एवढें धन मोजलें त्याच्या मानानें हें पीक थोडेंच म्हणावें लागेल.

या वादांत तीन निरनिराळ्या गोष्टी एका गांठोड्यांत बांधल्या जातात, आणि मग त्या गांठोड्याचें वजन करून न्याय दिला जातो. दुखापत ही एक. काम कमी होणें ही दुसरी. आणि हयगय ही तिसरी. त्या सोडून वेगवेगळ्या ठेवल्या तर प्रश्न निम्मा सोपा होतो.

दुखापत हा अपराध नव्हे. आपल्याच शेतांतील झाडावरून पडून गड्याचा पाय मोडला, आणि धन्यानें त्याच दिवसापासून त्याची मजुरी तोडली, असें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. आणि अशा धन्याविषयीं गांव काय बोलतो तेंही ऐकलें आहे. खेळाडूची मांडी क्लबाच्या चाकरींत फाटते. शिवाय या स्नायूविषयीं वैद्यांचा एक अनुभव सर्वमान्य आहे. ज्याचा तो एकदां फाटला त्याचा पुन्हां फाटण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो. म्हणजे पहिली दुखापत दुसरीची आई होते. अशा तरुणास प्रत्येक वेळीं नव्यानें दोष देणें म्हणजे एकाच ऋणाचें व्याज दोनदां घेणें आहे. आणि जो सहा महिने बिछान्यावर व काठीवर होता त्याचे गोल मोजून ते धडधाकट सोबत्याच्या गोलांशीं ताडून पाहणें, हा हिशेबच नव्हे. दुसरी गोष्ट पुष्कळ अंशीं पहिलीच्याच पोटीं जन्मते.

हयगयीची गोष्ट निराळी. तेथें आम्ही त्या तरुणाचे वकील होत नाहीं. जो सरावास वेळेवर येत नाहीं तो आपल्या सोबत्यांचा वेळ चोरतो, आणि त्याचें शरीर नाजूक आहे हें त्यास ठाऊक असतांना तर अधिकच चोरतो. परंतु हयगयीवर उपाय कानउघाडणी हा आहे, दंड हा आहे, एखादा सामना बाहेर बसविणें हा आहे. ती दुखण्याच्या खात्यांत टाकून एकदम दार दाखविणें हा उपाय नव्हे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांतील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत वाचकांच्या मनांत एव्हांना आलाच असेल. तीन वर्षें फळ नाहीं म्हणून धनी तें तोडावयास सांगतो, आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. हा दृष्टांत आपल्या सभांत दोन्ही पक्ष आपापल्या बाजूनें सांगतात, आणि दोघेही त्यांतील अर्धा भाग गाळतात. दयेच्या पक्षाचे लोक मुदत विसरतात. माळ्यानें झाड कायमचें ठेवा असें म्हटलें नाहीं. एक वर्ष म्हटलें, आणि पुढें तोडण्यास आपली ना नाहीं हेंही कबूल केलें. न्यायाच्या पक्षाचे लोक खत विसरतात. माळ्यानें नुसती वाट पाहण्याचें वचन दिलें नाहीं. आळें खणण्याचें व खत घालण्याचें काम आपल्या अंगावर घेतलें. म्हणून ठेवावें कीं नाहीं हा प्रश्न विचारणाऱ्यास आम्ही उलट विचारूं कीं, कुदळ कोण घेणार? एखाद्यास नुसता पगारपत्रकावर ठेवून त्याच्याकडे कोणीं पाहावयाचें नाहीं, ही दया नव्हे. हा आळस आहे, व तो दयेचें पागोटें घालून हिंडतो.

आतां धन्याच्या तक्रारीकडे वळूं, कारण ती खोटी नाहीं. झाड जमीन अडवितें, असें तो म्हणतो. मैदानांत एका वेळीं 11 च खेळाडू उतरतात. बाकावर दुसरा कोणी पोर बसलेला असतो. त्याचेही आईबाप असतात. आणि पैसा कोणाचा? सन 2021 च्या ऑगस्टमध्यें बार्सेलोनाच्या अध्यक्षांनीं क्लबाचें देणें सुमारें 135 कोटी युरोंचें झाल्याचें सांगितलें, व त्याच महिन्यांत लिओनेल मेस्सीसारखा खेळाडूही पगाराच्या मर्यादेंत बसेना म्हणून गेला. अशा घरांत एकावर केलेला प्रत्येक खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी ताटांतून येतो. कारभाऱ्यानें दुसऱ्याच्या थैलींतून उदार होणें सोपें असतें. ज्या मंडळीच्या दानपेटींत विधवांचे पैसे पडतात तिच्या पंचांस हें सांगावयास नको. म्हणून जो म्हणतो कीं ख्रिस्ती मनुष्यानें कोणासही कधींच काढूं नये, त्याच्याशीं आमचें मत जुळत नाहीं. त्यानें बाकावरल्या पोराचा विचारच केलेला नसतो.

कोणी म्हणतील, परिणाम पाहा म्हणजे झालें. ठेवल्यानें लाभ झाला तर ठेवणें योग्य होतें. ही कसोटी फार फसवी आहे. इंग्लंडांतील आर्सेनल क्लबानें सन 2006 च्या जानेवारींत अबू दियाबी नांवाचा 19 वर्षांचा फ्रेंच तरुण घेतला. त्याच वर्षाच्या 1 मे रोजीं संडरलंड येथें प्रतिपक्षाच्या एका आडदांड धडकेनें त्याचा घोटा मोडला. त्यानंतर तो उभा राहिला, पडला, पुन्हां उभा राहिला. सन 2013 मध्यें गुडघ्याचा बंध तुटला. क्लबानें व प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनीं त्यास सन 2015 पर्यंत, म्हणजे नऊ वर्षें, ठेविलें. करार संपल्यावर मग सोडिलें. सन 2019 मध्यें, 32 वर्षांच्या वयांत, त्यानें खेळणेंच सोडिलें. येथें खत घातलें, आळें खणलें, आणि फळ जवळजवळ आलेंच नाहीं. म्हणून तें खत वायां गेलें काय? आमच्या मतें नाहीं. तो घोटा क्लबाचा पोषाख अंगावर असतांना मोडला होता. जें देणें होतें तें क्लबानें दिलें. देणें फेडणारा मनुष्य त्यांतून नफा किती झाला असें विचारीत नाहीं. नऊ वर्षें थोडी अधिक झालीं असें कोणी म्हणेल तर त्याच्याशीं भांडणार नाहीं; परंतु चुकावयाचेंच असेल तर या बाजूस चुकणें बरें.

बार्सेलोनाची वागणूक मात्र आमच्या मनास खटकते, व ती ठेवण्या-सोडण्याच्या निर्णयामुळें नव्हे. डेंबेलेचा करार सन 2022 च्या जूनमध्यें संपावयाचा होता व नव्या कराराचें जमत नव्हतें. 20 जानेवारी रोजीं क्लबाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें सर्वांदेखत जाहीर केलें कीं या खेळाडूनें ताबडतोब दुसरीकडे जावें. त्यास संघांतून वगळलें. प्रेक्षक त्यास पाहून शिट्ट्या मारूं लागले. तो गेला नाहीं, कारण कराराप्रमाणें जाण्यास तो बांधला नव्हता. करार न जमणें यांत पाप नाहीं. दोन्ही पक्षांस आपला हिशेब पाहण्याचा अधिकार आहे. परंतु ज्यास चार भिंतींच्या आंत सांगतां आलें असतें त्यास वेशीवर उभें करण्याचें प्रयोजन काय? आमच्या मंडळ्यांतही उपदेशकास कामावरून कमी करण्याची गोष्ट त्यास कळण्यापूर्वीं बाजारांत कळते. त्याच्या बायकोस ती पाणवठ्यावर कळते. हें निर्णयाहून वाईट आहे.

पुढें झालें असें कीं, प्रशिक्षक झावी यांनीं त्यास पुन्हां मैदानांत उतरविलें. फेब्रुवारी संपण्यापूर्वींच शिट्ट्यांच्या जागीं टाळ्या ऐकूं येऊं लागल्या, आणि हंगाम संपला तेव्हां स्पेनच्या त्या स्पर्धेंत सोबत्यांस गोलासाठीं चेंडू पुरविण्यांत तोच पहिला होता. असे 13 गोल त्यानें करविले. जुलैमध्यें क्लबानें त्याच्याशीं नवा करार केला. सन 2023 मध्यें तो आपण होऊन पॅरिसच्या क्लबाकडे निघाला, तेव्हां त्यानें राहावें असें बार्सेलोनाच्या प्रशिक्षकांस फार वाटत होतें. त्या वेळीं त्यास कृतघ्न म्हणणारे पुष्कळ निघाले. सहा वर्षें दुखण्यांत पोसला आणि बरा होतांच गेला, असें त्यांचें म्हणणें. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु दुबळेपणीं ज्यास चव्हाट्यावर जा म्हटलें, त्याच्याकडे बळ आल्यावर निष्ठेची मागणी कोणत्या तोंडानें करावी?

पौल व बर्णबा यांच्यांतही अशाच एका तरुणावरून वाद पडला होता. योहान मार्क पंफुल्यांतून त्यांस सोडून परत गेला होता. दुसऱ्या फेरीस त्यास न्यावें असें बर्णबाचें म्हणणें. पौलाचें म्हणणें, नको. (मार्क हा बर्णबाचा भाऊबंद होता, पंचायतींत बसणाऱ्यांस या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको.) तंटा इतका वाढला कीं दोघे वेगळे झाले, बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला, पौल सीलास घेऊन निघाला. प्रेषितांच्या कृत्यांत कोण बरोबर होता याचा निवाडा दिलेला नाहीं. आम्हांस वाटतें, दोघांपुढें प्रश्नच दोन होते. पौल प्रवासाचा विचार करीत होता. त्या वाटेवर अर्ध्यांतून फिरणारा सोबती परवडणारा नव्हता. बर्णबा मनुष्याचा विचार करीत होता. प्रवासास निरुपयोगी म्हणून मनुष्य निरुपयोगी ठरत नाहीं, आणि पुढें खुद्द पौलानेंच तीमथ्यास लिहिलें कीं मार्कास घेऊन ये, त्याचा मला सेवेसाठीं उपयोग आहे. परंतु मधल्या वर्षांत कोणी तरी बर्णबा लागला. म्हणून ज्या क्लबास, अथवा ज्या मंडळीस, तरुणास ठेवणें खरोखर झेपत नाहीं, तिनें त्यास सोडावें. मात्र दुखणें बरें करून, ठरलेला पैसा चुकवून, आणि लहानशा का होईना दुसऱ्या जागीं त्यास पोंचवून सोडावें.

पॅरिसमध्यें डेंबेलेचे लाड झाले असें कोणी समजूं नये. सन 2024 च्या ऑक्टोबरांत लंडन येथें आर्सेनलाशीं महत्त्वाचा सामना होता. शिस्तीच्या कारणावरून प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनीं त्यास बरोबर नेलेंच नाहीं. पॅरिसचा संघ दोन गोलांनीं हरला; प्रशिक्षकांनीं तो तोटा सोसला. त्यानंतर त्यांनीं त्यास परत घेतलें, आणि कडेची जागा सोडवून मधली, गोल करण्याची, जागा दिली. त्या हंगामांत त्यानें 35 गोल केले. 31 मे 2025 रोजीं म्युनिक येथें पॅरिसच्या संघानें युरोपांतील क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा पांच गोलांनीं जिंकली. 22 सप्टेंबर रोजीं पॅरिस शहरांत त्यास वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूचा सोन्याचा चेंडू मिळाला, आणि आईचें नांव घेतांना तो व्यासपीठावर रडला.

बार्सेलोनांत त्याची उजवी बाजू सन 2023 मध्यें रिकामी झाली, ती लवकरच क्लबाच्या स्वतःच्या शाळेंत वाढलेल्या लामिन यमाल नांवाच्या 16 वर्षांच्या मुलानें भरून काढिली. सोन्याच्या चेंडूच्या त्या रात्रीं दुसरा क्रमांक त्याचा होता.