सुंदर चित्र आणि उद्याचा प्रश्न

चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे : "माझ्याजवळ टॅरो पत्त्यांचा एक संच आहे. त्यावरील चित्रे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील ब्रिटिश सजावटीच्या धाटणीची आहेत. माझा भविष्यकथनावर विश्वास नाही. परंतु लग्नाचे एक स्थळ आले, मन गोंधळले, तेव्हा मी एक पत्ता काढून पाहिला. यात गैर काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून केवळ 'हराम' हा शब्द उच्चारून तो मिटवणे उचित होणार नाही.

प्रथम हे स्पष्ट असावे की दोष सौंदर्याचा नाही. अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, हे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनीच शिकवले. त्या ब्रिटिश सजावटीनेही मुस्लिम कारागिरांकडून पुष्कळ घेतले आहे. तिचे अग्रणी विल्यम मॉरिस यांनी शिफारस केल्यानंतर १८९३ साली लंडनच्या संग्रहालयाने इराणमधील अर्दबिलचा गालिचा विकत घेतला. त्यावर हिजरी ९४६ हे वर्ष विणलेले आहे. ते शाह तहमास्पच्या कारकिर्दीतील होय. परंतु त्याच शाहच्या आश्रयाने भव्य चित्रांचा एक 'फालनामा'ही तयार झाला. त्याचे पान उघडून लोक शकुन पाहत. एकाच राजवटीत कलेने पवित्र स्थळ सजवले आणि शकुनालाही रूप दिले. तेव्हा हा रोग केवळ पाश्चात्त्यांचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

टॅरोचा इतिहासही बोलका आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो पत्त्यांचा एक खेळ होता. १७८१ साली पॅरिसमधील कूर द जेब्लँ या लेखकाने त्यात प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडल्याचे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही विद्वान युरोपात नव्हता! पुढे १९०९ साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्यासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी ७८ पत्त्यांची चित्रे काढली. जुन्या संचांत लहान पत्त्यांवर बहुधा केवळ तलवारी, पेले किंवा नाणी मोजून काढलेली असत. स्मिथ यांनी त्या पत्त्यांनाही अर्थपूर्ण चित्रे दिली. तीन तलवारींच्या पत्त्यावर आता पावसात भिजणारे, तीन तलवारींनी भेदलेले हृदय आले. मुकी संख्या बोलू लागली.

नेमका धोका येथे आहे. हाती कोणता पत्ता यावा हा पिसण्याचा योगायोग. पण चित्र त्या योगायोगाला चेहरा देते. चिंतातुर मुलीच्या हाती ते भेदलेले हृदय आले, तर ज्याच्याशी चार शब्दही बोलणे झालेले नाही अशा तरुणाविषयी तिच्या मनात काय येईल? त्याचे चारित्र्य, त्याची धर्मनिष्ठा, त्याचे घर यांची चौकशी न होताच तो अपराधी ठरेल. कुरआनच्या 'अल्-हुजुरात' या अध्यायात निराधार संशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे. पत्ता काढणारी व्यक्ती केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही. ती दुसऱ्यावरही अन्याय करू शकते.

अज्ञानकाळातील अरब असेच बाण काढून प्रवास, विवाह ठरवीत. 'अल्-माइदा' या अध्यायात कुरआनने ही प्रथा मद्य व जुगार यांच्याच पंक्तीत बसवली. मक्काविजयाच्या वेळी काबागृहात आदरणीय इब्राहीम व इस्माईल (अलै.) यांच्या हाती हे बाण दाखवणारी चित्रे आढळली. पैगंबरांनी (स.) ती बाहेर काढवली आणि त्या दोघांनी बाणांनी कधीच कौल घेतला नव्हता, हे सांगितले. थोर व्यक्तींची चित्रे असत्याला प्रतिष्ठा देत होती.

काही जण म्हणतात, "पत्ता हा केवळ मनाचा आरसा आहे." परंतु आरसा आपल्याला आपलाच चेहरा दाखवतो, पत्ता दाखवतो ती चित्रकाराची कल्पना. शिवाय भीतीच्या क्षणी ज्याला विचारले जाते, तो आरसा न राहता हळूहळू न्यायाधीश होतो. विश्वास नाही म्हणणारा हातही अडचणीच्या वेळी त्याच्याकडेच वळला, ही गोष्ट स्वतः प्रश्नकर्तीनेच सांगितली आहे. उद्या आपण काय कमावू, कोणत्या भूमीत मरू, हे कोणताही जीव जाणत नाही, ही 'लुकमान' अध्यायाची शिकवण माणसाला असहाय करण्यासाठी नाही. खोट्या जाणकारांच्या गुलामीतून त्याला सोडवण्यासाठी आहे.

मग गोंधळलेल्या मनाने काय करावे? चौकशी करावी, अनुभवी व्यक्तींशी विचारविनिमय करावा आणि इस्तिखाराची नमाज अदा करावी. मात्र तिलाही आपण अनेकदा शकुनाचे रूप देतो. स्वप्नात हिरवे दिसले की पांढरे, याची वाट पाहत बसतो. इस्तिखारा म्हणजे कौल मागणे नव्हे. तो असा विनय आहे : "हे अल्लाह, तू जाणतोस, मी जाणत नाही, जे हितकर असेल ते माझ्यासाठी सुलभ कर." त्यानंतर निर्णय आपणच घ्यायचा असतो, आणि त्याचा जाबही आपल्यालाच द्यायचा असतो.

या भगिनीने वेलबुट्ट्यांची कला जरूर आत्मसात करावी. ती रेषा तिच्या पूर्वजांच्या कारागिरीशीही नाते सांगते. उद्याचा प्रश्न मात्र त्या रेषेला विचारू नये. तो ज्याच्या हाती उद्या आहे, त्यालाच विचारावा.