सल्ला खूप झाला, आता जबाबदारी द्या

मार्च उजाडला की हैदराबादच्या मोठ्या कंपन्यांत महिला अधिकाऱ्यांसाठी 'मेंटॉरिंग'चे वर्ग भरतात. ठामपणे बोला, बैठकीत पुढे बसा, घर-नोकरीचा मेळ घाला. बाईतच काहीतरी कमी आहे, ते भरून निघाले की ती आपोआप वर चढेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. बढतीच्या यादीवर सही करणारे तिथे भाषण करतात आणि यादीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. हा मार्गदर्शनाच्या कल्पनेवरच अन्याय आहे.

सावित्रीबाई, आनंदीबाई, रमाबाई रानडे यांच्या कथा आपल्याला पाठ आहेत. त्यांतून एकच चित्र मनात ठसले: जाणता पुरुष घडवतो, बाई घडते. हिंगण्याचा आश्रमही आपण तसाच वाचतो. अण्णा कर्व्यांनी विधवांना शिकवले, एवढ्यावर थांबतो.

पण पार्वतीबाई आठवले पाहा. कर्व्यांच्या पत्नीची ही बहीण, ऐन तारुण्यात विधवा झालेली, पंचविशीनंतर अभ्यासाला बसलेली. पुढे आश्रमाची व्यवस्था आणि वर्गणी जमवण्याचे काम तिच्याकडे आले. ज्या काळात केशवपन केलेल्या बाईने चारचौघांत येणे अशुभ मानत, त्या काळात ती सभेत उभी राहून संस्थेसाठी पैसे मागत होती. १९१८ मध्ये तुटपुंज्या इंग्रजीवर ती अमेरिकेला गेली, तिथे घरकाम करून राहिली. तिची सगळीच मते मला पटत नाहीत; मुलींच्या शिक्षणात गृहिणीपणावर तिचा फार भर होता. पण तिची पूर्ण तयारी होईपर्यंत काम अडवून ठेवले असते, तर ते कधीच तिच्या हाती आले नसते. जबाबदारी आधी आली, सफाई नंतर. हा क्रम आपण उलटा वाचत आलो.

आता हैदराबादकडेच परत या. इथे सुलतान बाजाराला लागून कोठीची रेसिडेन्सी आहे. इंग्रज रेसिडेंट जिथून निजामावर नजर ठेवी, तिथे १९४९ मध्ये उस्मानियाचे महिला महाविद्यालय आले. २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. तिथल्या पदव्यांचा गौरव होतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे की अशा संस्थेत विभागप्रमुख, प्राचार्य या खुर्च्यांपर्यंत बायकांना वाट होती. समोर वरिष्ठ बाई काम करताना दिसते, तेव्हा वेगळा वर्ग भरवावा लागत नाही.

पुढचे कायदे सर्वांना माहीत आहेत: २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक महिला आणली. त्याहून बोलका आहे लष्करातील महिला अधिकाऱ्यांबाबतचा फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचे नेतृत्व मानायला मनाने तयार नाहीत, असे सरकार म्हणत होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि महिला अधिकाऱ्यांना तुकडीचे नेतृत्व करण्याची वाट खुली केली. तयारी कुणाची कमी होती, ते त्या युक्तिवादानेच सांगितले.

म्हणून वर्ग घेणाऱ्या वरिष्ठांना माझी विनंती आहे: ज्या बाईला तुम्ही सल्ला देता, बढतीच्या बैठकीत तिचे नाव तुम्ही स्वतः मांडा, आणि ज्याच्या नफ्यातोट्याचा जाब द्यावा लागतो असा विभाग या वर्षीच तिच्या हाती द्या.